हजेरीपटावरून गळलेले नाव

ज्या व्यासपीठावरून शिवकालाची, संतांची आणि विज्ञानाची चर्चा व्हावयाची, तेथे हमालांच्या युनियनमधल्या माणसाने उभे राहून रस्त्यावरच्या वेड्यांविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. चालकांनी आम्हांला ‘आपल्या भागातील कामगार चळवळीचा इतिहास’ असा विषय सुचविला होता. आम्ही तो थोडा वाकवून घेतला आहे. चळवळीच्या इतिहासात ज्यांची नावे येतात त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. हजेरीपटावरून ज्यांची नावे गळाली त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. आमचे शिक्षण सातवीत संपले. पुढे जे शिकलो ते वाचनालयात, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून. तेव्हा यात पांडित्य कमी असेल. पाहिलेले आणि पडताळलेले मात्र सांगू.

प्रारंभी एक कबुली द्यावयाची आहे, कारण ती दिल्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांला अधिकार पोचत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीच्या हळदीच्या बाजारात आमच्या टोळीत जत तालुक्यातला एक पोरगा होता. वय एकवीस-बावीस. अंगाने दणकट, हिशेबाला पक्का. एका उन्हाळ्यात तो रात्री झोपेनासा झाला. काट्यापाशी उभा राहून कोणाशी तरी बोलू लागला. आपण उचललेली पोती कोणी तरी मोजणीतून चोरतो आहे, असे तो म्हणे. प्रथम पोरे हसली, मग भ्याली. ‘ह्याला भाईरचं झालंय,’ असे एकाने म्हटले आणि ते सर्वांना पटले. मुकादमाने हजेरीपटावरून त्याचे नाव काढले. आम्ही त्या आठवड्यात वाराईच्या दराच्या वाटाघाटीत गुंतलो होतो. एका पोत्यामागे काही पैसे वाढवून मिळावेत म्हणून दोन दिवस काम बंद पाडणारे आम्ही, एका माणसाचे नाव काढले गेले तेव्हा गप्प बसलो. घरच्यांनी त्याला एका बाबाच्या ठाण्यावर नेऊन बांधून ठेवले. तेथून तो पळाला. मिरज स्टेशनावर कोणी तरी पाहिला, हीच शेवटची खबर. त्याची आई पुढे कित्येक वर्षे बाजाराच्या दिवशी युनियनच्या कचेरीत येऊन विचारीत असे, ‘दादा, माझं पोरगं कुठं दिसलं का?’ तिने आम्हांला दोष कधीच दिला नाही. त्यामुळेच तो फिटला नाही.

त्या बाईला उत्तर देता येईना म्हणून आम्ही हा विषय वाचावयास घेतला. आज जे सांगतो आहोत ते त्या वाचनाचे आणि नंतरच्या अनुभवाचे सार आहे. ‘वेडा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो, कारण इतिहासात तोच आहे. आजचा सभ्य शब्द मनोरुग्ण. शब्द बदलला हे चांगलेच झाले. त्याबरोबर वागणूक किती बदलली हे पाहावयाचे आहे.

जुन्या काळी गावाने वेड्याला सांभाळले, आता माणुसकी उरली नाही, असे बोलण्याची एक रीत आहे. त्यात अर्धे सत्य आहे. गावातल्या ‘खुळ्या’ला कोणाच्या तरी ओसरीवर भाकरी मिळे, सर्वांना त्याचे नाव ठाऊक असे, गुरांमागे जाण्याइतके काम त्याच्याकडून होई. परंतु त्याच गावात गोठ्यात साखळीने बांधलेला पोरगाही असे, आणि भूत उतरविण्यासाठी मिरचीची धुरी घेणारी, चाबकाचे फटके खाणारी सूनही असे. श्रद्धेने देवाच्या दारी जाणाऱ्याशी आमचे भांडण नाही. दुखणेकरी माणसाला तेथे बांधून मारण्याशी आहे. या मारझोडीला कायद्याने गुन्हा ठरविण्यास २०१३ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी आयुष्यभर झटलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून व्हावा लागला. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरविण्याच्या मिषाने दोरीने वा साखळीने बांधणे, मारणे, धुरी देणे या गोष्टी एकेक करून लिहिलेल्या आहेत. आमचा जतचा पोरगा ज्या रात्री पळाला त्या रात्री हा कायदा नव्हता.

आता सरकारच्या इतिहासाकडे वळू. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. दहा वर्षांनी, १८५८ साली, इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. त्या कायद्याचा मोकाट हिंडणाऱ्या वेड्यासंबंधीचा हुकूम असा होता की, पोलिसांनी त्याला धरावे आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. १९१२च्या कायद्यानेही तीच वाट कायम ठेवली. श्रोत्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा: प्रथम पोलीस, नंतर मॅजिस्ट्रेट, आणि शेवटी डॉक्टर. घरात बांधून ठेवलेल्या वेड्याचे सरकारला फारसे सोयरसुतक नव्हते; रस्त्यावर आलेल्याचे होते. म्हणजे त्याचे दुखणे हा मुद्दा नव्हता, त्याचे हिंडणे हा होता. घर असलेल्या माणसाला हिंडण्याबद्दल कोणी धरीत नाही. तेव्हा खरा अपराध बेघर असण्याचा होता.

अशा माणसांसाठी मोठमोठी इस्पितळे उभी राहिली. नागपूरचे १८६४चे, रत्नागिरीचे १८८६चे, ठाण्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे आणि येरवड्याचे १९१५चे. महाराष्ट्राची चार सरकारी मनोरुग्णालये आजही हीच आहेत. आपल्या भागात ‘याला येरवड्याला धाडा’ ही शिवी झाली, आणि दक्षिणेकडे ‘रत्नागिरीला पाठवा’ अशी थट्टा झाली. घाटाखाली उतरलेला माणूस पुन्हा घाट चढून वर येईल अशी अपेक्षा घरचे फारशी करीत नसत. त्या काळच्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या हाती औषध नव्हते. कोंडणे, शांत करणे आणि जेवू घालणे एवढेच त्यांना शक्य होते.

औषधाची हकिकत मोठी उद्बोधक आहे, आणि तिचा पहिला अध्याय हिंदुस्थानातला आहे. सर्पगंधा नावाची मुळी वेडावर देण्याची आपल्याकडची जुनी रीत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यकांनी तिच्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. १९५२ साली परदेशी रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातले सत्त्व वेगळे काढले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझीन हे औषध वेडाच्या रोग्यांना देण्यास सुरुवात झाली. तेव्हापासून वेड हे कोंडून ठेवण्याचे प्रकरण न राहता उपचार करण्याचे दुखणे झाले. छिन्नमनस्कता, म्हणजे भास होणे, आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या पाळतीवर आहे असे वाटणे, हे मधुमेहासारखे दीर्घ मुदतीचे दुखणे आहे. पुष्कळांच्या बाबतीत ते गोळ्यांनी आटोक्यात राहते. काहीजण पूर्ण बरे होतात. काहींना ते पुनःपुन्हा उलटते.

हे दुखणे गाठते कोणत्या वयात? बहुधा अठरा ते तीस या वयात. हा मुद्दा कामगार चळवळीतल्या माणसाला फार झोंबतो. ज्या वयात पोरगा पहिली नोकरी धरतो, खोली घेतो, लग्नाचे बोलणे निघते, नेमक्या त्याच वयात हा घाला पडतो. म्हातारपणी दुखणे आले तर मागे घर असते, मुले असतात, थोडा फंड असतो. विशीतल्या पोराच्या मागे काहीच साठलेले नसते. त्याची नोकरी जाते. नोकरी गेली की खोली जाते. खोली गेली की ज्या पत्त्यावर औषधाचा कागद यावयाचा तो पत्ता जातो. मग तो गाडीत बसतो. आपल्या मिरज जंक्शनवर चहूकडच्या गाड्या येतात. तिकडचे पोरगे इकडे उतरते, इकडचे तिकडे जाते, आणि दोन्हीकडच्या आया आपापल्या स्टेशनावर शोधीत राहतात.

येथे कोणी म्हणेल, रोग कळला, औषध सापडले, मग इस्पितळांची दारे उघडून सर्वांना सोडून द्या. अमेरिकेने जवळजवळ तसेच केले. १९५५ साली तेथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रोगी होते. पुढच्या चाळीस वर्षांत ती संख्या लाखाच्याही खाली आली. परंतु त्यांना गावात घरे, दवाखाने आणि कामे देण्याचे जे वचन होते ते पुरतेपणी पाळले गेले नाही, आणि असंख्य माणसे पदपथांवर व तुरुंगांत गेली. भिंत पाडणे सोपे असते. भिंतीबाहेर काय बांधावयाचे, हा प्रश्न अवघड आहे.

याची दोन चांगली उत्तरे युरोपात मिळाली. बेल्जममध्ये गेल नावाचे गाव आहे. तेथील कुटुंबे मध्ययुगापासून वेडाच्या रोग्यांना आपल्या घरात ठेवून घेत आली. १९३०च्या दशकात अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. दुसरे उत्तर इटलीतल्या त्रिएस्तेचे. तेथील मनोरुग्णालयात १९७१ साली फ्रांको बझालिया नावाचे डॉक्टर प्रमुख झाले. इस्पितळातले रोगी फरशा पुसत, कपडे धूत, आणि त्याला ‘उपचार’ म्हणत, म्हणून मजुरी मिळत नसे. बझालियांच्या काळात त्याच रोग्यांची सहकारी संस्था निघाली आणि तेच काम त्यांनी मजुरीवर, कराराने केले. पुढे १९७८ साली इटलीने कायदा करून जुनी मनोरुग्णालये बंद करण्याचे ठरविले. हमालांच्या युनियनमधल्या माणसाला या हकिकतीतले मर्म लगेच उमगते. फरशी तीच आणि पुसणाराही तोच. फक्त मजुरी मिळाल्याबरोबर तो रोग्याचा कामगार झाला.

परंतु बेल्जम-इटलीपर्यंत जाण्याची तरी काय गरज आहे? आपल्या दोन जिल्ह्यांची मुळे एकच. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्यालाच पुढे सांगली हे नाव मिळाले. या एकाच मातीत असे दोन प्रयोग झाले आहेत की, त्यांच्याकडे या प्रश्नाच्या नजरेने कोणी पाहिले नाही.

पहिला प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटलांचा. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे निघाली आणि १९२४ साली साताऱ्यास आली. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची, बापाला पोसणे परवडत नाही अशी पोरे एका पंगतीत जेवली. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले; अखेर मंगळसूत्रही दिले. या वसतिगृहाचे तत्त्व काय होते? ‘कमवा आणि शिका.’ पोराला फुकट भाकरी देऊन त्याची मान खाली घालावयास लावली नाही; त्याच्या हाती कुदळ दिली, छप्पर दिले, आणि ही पोरे शिकणार नाहीत असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याचे काम त्या पोरांवरच सोपविले. आधी लायकी सिद्ध कर, मग छप्पर देतो, असे भाऊराव कधी म्हणाले नाहीत. छप्पर आधी, लायकी मागाहून.

दुसरा प्रयोग औंध संस्थानचा. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि संस्थानचा आटपाडीचा मुलूख सांगली जिल्ह्यात आहे. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला राज्यघटना दिली, हे पुष्कळांना माहीत आहे. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली. तिची कल्पना रुजविण्यात मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरचा मोठा वाटा होता. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे आपल्या बायकामुलांसह राहत आणि शेती करीत. भिंत नाही, बेड्या नाहीत. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७च्या चित्रपटामागे याच वसाहतीची प्रेरणा होती, आणि त्याची कथा त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. स्वतंत्रपूरची वसाहत आजही चालू आहे.

श्रोतेहो, या ठिकाणी थोडे थांबून विचार करावा. ज्याने खून केला त्याला आपल्या मातीने भिंतीवाचून राहण्याचा विश्वास दिला, आणि ज्याने काहीच केले नाही, ज्याला केवळ दुखणे झाले, त्याला मात्र देशभर कोठडी मिळाली. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला १९९३ साली सांगावे लागले. शीला बारसे यांनी त्यासाठी दावा लावला होता. म्हणजे स्वराज्य येऊन सेहेचाळीस वर्षे होईपर्यंत वेड हीच सजा आणि वेड हाच गुन्हा अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका झोपडीवजा आश्रयस्थानास आग लागली आणि अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना साखळ्या होत्या. पेपरात ती बातमी वाचली त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. जतच्या त्या आईची आठवण होत राहिली.

यानंतर जे झाले ते बरेच चांगले आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याला रस्त्याच्या कडेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेले. बरा झाल्यावर कळले की तो शिकलासवरला पदवीधर, आंध्रातला. त्यातून १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था निघाली. कर्जतला तिचे केंद्र २००६ साली उभे राहिले. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे त्यांनी आपापल्या घरी पोचविली होती. आपल्याकडे साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीचे आणि मानसिक आरोग्याचे काम करते. वाई तालुक्यात वेळे येथे ‘यशोधन’चे निवारा केंद्र आहे, तर सांगलीत महानगरपालिकेच्या पुढाकाराने ‘सावली’ हे बेघरांचे निवारा केंद्र चालते. ही केंद्रे आपल्या गावात आहेत हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. स्टेशनावर पडलेला माणूस आपल्याला दिसतो, पण त्याला न्यावयाचे कोठे ते दिसत नाही.

कायदाही बदलला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८च्या मे महिन्यापासून अमलात आला. त्याचे शंभरावे कलम प्रत्येक नागरिकाने पाठ करावे असे आहे. मोकाट हिंडणारा, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी नेले पाहिजे. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. तो बेघर असेल तर हरवलेला माणूस म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेतला पाहिजे. अठराव्या कलमाप्रमाणे बेघर माणसाला उपचार मोफत आहेत, आणि एकोणिसाव्याप्रमाणे समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. १८५८चा आणि हा, दोन्ही कायदे पोलिसांपासूनच सुरू होतात; परंतु पहिल्याने माणसाला ‘धरावयास’ सांगितले, दुसरा ‘संरक्षणात घ्यावयास’ सांगतो. या एका शब्दाच्या बदलास शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि तरी २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले की, बऱ्या झालेल्या मनोरुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलविणे हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. भिक्षेकरीगृह आणि घर यांतला फरक सरकारला अजून शिकावयाचा आहे.

आता आमच्या दुसऱ्या अनुभवाची गोष्ट. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला. पाणी उतरल्यावर बाजारात गाळ उपसताना एका गाळ्याच्या मागे तेवीस-चोवीस वर्षांचा एक पोरगा सापडला. केस चिखलाने चिकटलेले, पायाला जखम, तोंडाने अखंड बडबड. बिस्कीट पुढे केले तर तो मागे सरके. सर्वांनी ठरविले, वेडा आहे, काहीही बडबडतो. तेवढ्यात आमच्यातला जतकडचा एक हमाल पुढे आला आणि म्हणाला, ‘अवो, त्यो नीरू म्हंतोय. पाणी मागतोय त्यो.’ पोरगा कानडी होता. ज्याला आम्ही वेडाची बडबड समजत होतो ती एका माणसाची भाषा होती. गावभर पाण्याचा वेढा पडून गेला होता आणि हा पोरगा तीन दिवस प्यायला पाणी मागत होता.

पोलीस ठाण्यावर गेलो. तेथील हवालदार वाईट माणूस नव्हता; पुराने तोही थकला होता. तो म्हणाला, ‘नेते, ह्याला ठेवू कुठं? त्यानं केलंय काय, की आत घेऊ?’ आम्ही शंभराव्या कलमाचा कागद पुढे ठेवला. हवालदाराने दोनदा वाचला, साहेबांना दाखविला, आणि संध्याकाळी पोरगा सरकारी दवाखान्यात पोचला. दोन महिन्यांनी त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले. थोरला भाऊ आला, गळ्यात पडून रडला आणि त्याला घेऊन गेला. आम्हांला वाटले, तीस वर्षांपूर्वीचे देणे फिटले.

परंतु इतक्या स्वस्तात देणी फिटत नसतात. पुढच्या दिवाळीच्या आधी तोच पोरगा पुन्हा बाजारात येऊन बसला. गावात औषध मिळेना. तालुक्याला जाण्याचे पैसे भावाजवळ नाहीत. वाड्यावरची पोरे दगड मारीत. इकडे कोणी तरी पाणी दिले होते, एवढे त्याला आठवत होते. मग आम्ही तो निवारा केंद्रात राहील अशी व्यवस्था केली, गोळ्यांची वेळ दोघा हमालांत वाटून घेतली, आणि कामाचा प्रश्न टोळीच्या बैठकीत मांडला. फुटलेली पोती शिवण्याचे काम त्याला द्यावे असा प्रस्ताव होता. एकजण म्हणाला, ‘त्याच्या हातात दाभण देताय, कुणाला खुपसलं मंजे?’ बैठक तासभर चालली. शेवटी एक म्हातारा हमाल उठला आणि एवढेच म्हणाला, ‘मागं एकाला आपण असंच घालवलंय.’ प्रस्ताव मंजूर झाला. आजपर्यंत त्याच्या दाभणाने कोणाला ओरखडा गेलेला नाही. उलट पगाराच्या दिवशी आमच्यातल्या दोघा पूर्ण शहाण्यांनी एकमेकांवर आकडे उगारले, तेव्हा त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहणारा तोच होता.

तो पूर्ण बरा झाला आहे असे आम्ही म्हणणार नाही. आठवड्यात चार दिवस काम करतो. काही दिवस गप्प बसून राहतो. एकदा गोळ्या सोडल्या आणि आठ दिवस दवाखान्यात जावे लागले. परंतु त्या आठ दिवसांत हजेरीपटावरचे त्याचे नाव कोणी काढले नाही. नावापुढे ‘आजारी’ असे लिहिले. हमालाला ताप आला तर जे लिहितात तेच. माथाडी हमालांसाठी १९६९ साली कायदा झाला तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी केवढा मोठा लढा जिंकला असे आम्ही मानतो, आणि ते खरेच आहे. तथापि हजेरीपटावरचा तो एक शब्द लिहून घेण्यास आम्हांला स्वतःच्याच टोळीत तीस वर्षे लागली.

या सर्व इतिहासातून आम्ही एवढे शिकलो. औषधाला घर लागते, कारण गोळीचे पाकीट ठेवावयास कोनाडा हवा आणि ‘घेतलीस का रे?’ असे विचारणारे माणूस हवे. घराला काम लागते, कारण केवळ दयेवर जगणाऱ्या तरुणाला घरही फार दिवस धरून ठेवीत नाही. आणि कामाला विश्वास लागतो, तो आधी द्यावा लागतो. भाऊरावांनी तो आधी दिला, औंधच्या राजाने खुन्यांनाही आधी दिला. हे दोन्ही प्रयोग करणारी माती आमची आहे असा अभिमान आम्ही दर जयंतीला मिरवतो. मग या तिसऱ्या प्रयोगाला आम्ही का कचरावे? साताऱ्यात आणि सांगलीत प्रत्येकी एक असे छोटे वसतिगृह का निघू नये, जेथे बरी होत असलेली विशी-तिशीतली दहा-पंधरा पोरे राहतील, सकाळी कामावर जातील आणि संध्याकाळी परत येतील? त्याला कोटींची इमारत लागत नाही. दोन जुने वाडे, एक स्वयंपाकीण, आठवड्याला एक डॉक्टर, आणि शेजाऱ्यांचा विरोध न होणे एवढे लागते. यातले शेवटचे मिळविणे सर्वांत कठीण आहे, आणि ते सर्वस्वी तुमच्या-आमच्या हाती आहे.

शेवटी घरी जाताना करावयाच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. स्टँडवर, स्टेशनावर, घाटावर असा माणूस दिसला तर त्याला दगड मारणाऱ्या पोराचा हात धरा. त्याच्या बडबडीकडे कान द्या. ती कदाचित तुम्हांला न येणारी भाषा असेल. पोलीस ठाण्यावर जाऊन शंभराव्या कलमाचे नाव घ्या. स्वतःच्या घरातला पोरगा रात्र रात्र जागू लागला, एकटा बोलू लागला, तर बाबाकडे नेण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात न्या. निदान १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विचारा, तो मोफत आहे. आणि तुमच्या दुकानात, कारखान्यात, कचेरीत कोणाचे डोके ठिकाणावर नाही असे कळले, तर त्याचे नाव हजेरीपटावरून काढण्याआधी एक महिना थांबा.

जतची ती आई काही वर्षांपूर्वी वारली. तिचा पोरगा अद्याप सापडलेला नाही. तो आज असला तर पन्नाशीचा असेल. आम्ही अजून मिरज स्टेशनावर उतरलो की फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन येतो. सवयच पडली आहे.